5 किलोची कोकोपीटची वीट : उन्हाळ्याआधी घ्यावी का, आणि घेतलीत तर आधी काय करायचं

माघ अर्धा सरला की पुण्यात आम्हा गच्चीवाल्यांची धावपळ सुरू होते. सकाळी अजून स्वेटर लागतो पण अकरा वाजले की ऊन चटकायला लागतं, आंबे मोहरलेत, शेवंती संपत आली, पेटुनिया शेवटच्या फुलांवर आहे, आणि याच तीन-चार आठवड्यांत कुंड्या मोकळ्या करायच्या, माती बदलायची, मोगरा छाटायचा, भेंडी गवार काकडी दोडका लावून टाकायचं, कारण एकदा मार्चचं ऊन लागलं की नवीन लावलेलं रोप टिकवताना नाकी नऊ येतात. आणि याच दिवसात सगळ्या ग्रुपवर एकच प्रश्न फिरतो, कोकोपीट घेऊ का, कुठलं घेऊ, मोठी वीट घेऊ का छोट्या. म्हणून सविस्तर लिहितेय. कंपनीचं नाव घेत नाही, कारण वेगवेगळ्या विटा वापरून झाल्यात आणि फरक नावात कमी, धुतलेली आहे का नाही यात जास्त असतो.

आधी वस्तू काय आहे ते. नारळाच्या सोडणातून काथ्या काढला की जो भुसा उरतो तो म्हणजे कोकोपीट. तो वाळवून मशीनमधे दाबून वीट करतात. आपल्याकडे येणारा बराचसा माल तमिळनाडू-केरळचा, पोल्लाचीकडचा वगैरे. 5 किलोची वीट साधारण फूटभर लांब-रुंद असते, ऑनलाइन तीनशेच्या आतबाहेर मिळते, नर्सरीत थोडी महाग. भिजवायला 20-25 लिटर पाणी पिते आणि फुगून 65-70 लिटर कोकोपीट होतं. कुंडीत तिसरा हिस्सा कोकोपीट धरलं तर एका विटेत 12 इंची बारा-तेरा कुंड्या आरामात भरतात. म्हणजे मध्यम गच्चीला एक वीट पुरते, दोन घेऊन ठेवायची गरज नाही.

भिजवण्याबद्दल पाकिटावर लिहिलेलं असतं की पाणी टाका, अर्ध्या तासात तयार. तसं होत नाही. मोठी वीट मधे कोरडी ठक्क राहते, वरवरचं फुगतं आणि आत खडा तसाच. मी मोठ्या टबात वीट उभी ठेवते, गरम पाणी थोडं थोडं सोडते आणि जसं सुटेल तसं हाताने बाजूला ओढत जाते. रात्री भिजवून ठेवलं तर सकाळी मस्त मोकळं झालेलं असतं.

आता मुद्द्याची गोष्ट. पहिलं पाणी निथळलं ना की रंग बघा, काळ्या चहासारखा. रंगाचं एवढं काही नाही, पण त्या पाण्यात आरओवाल्याकडे असतो तो टीडीएसचा, म्हणजे पाण्यातले क्षार मोजायचा पेन बुडवला तर आमच्या नळाचं पाणी जिथे शंभरच्या आत दाखवतं तिथे हे पाणी नऊशेच्या वर गेलं. हे सगळं मीठ, आणि ते आपल्या रोपाच्या मुळाशी जाणार. मी टबातून काढून जुन्या सुती ओढणीत बांधून पिळलं, परत पाणी, परत पिळलं. दुसऱ्या पाण्याला आकडा निम्म्यावर आला, तिसऱ्याला दोनशेच्या जवळ. तेव्हा कुठे थांबले. पाकिटावर मात्र ठळक अक्षरात ‘रेडी टू यूज’ होतं. याचा मला खरंच राग येतो कारण नवीन माणूस त्यावर विश्वास ठेवून सरळ बी पेरतो, बी रुजत नाही किंवा रुजून पानांच्या कडा करपतात आणि तो म्हणतो माझ्या हाताला बागच लागत नाही. हाताचा काही दोष नसतो हो!

हे मीठ येतं कुठून? नारळाच्या सोडणात मुळातच सोडियम पोटॅशियम भरपूर, त्यात बऱ्याच ठिकाणी काथ्या सुटावा म्हणून सोडण खाडीच्या खाऱ्या पाण्यात कुजत घालतात. मग कारखान्यात गोड्या पाण्याने धुतलं तर ते ‘लो ईसी’, नाही धुतलं तर ‘हाय ईसी’. ईसी म्हणजे पाण्यातून वीज किती वाहते त्यावरून क्षार मोजायचं माप. ते 0.5 च्या आत असेल तर कुंडीला चांगलं, 1 च्या वर असेल तर धुतल्याशिवाय वापरूच नका. टीडीएसच्या पेनावर 0.5 म्हणजे साधारण 250, त्यामुळे घरी तपासता येतं, लॅब वगैरे काही लागत नाही. पाकिटावर ईसीचा आकडाच छापला नसेल तर मी ती वीट घेत नाही, मग कितीही स्वस्त असो.

‘बफर्ड’, म्हणजे कारखान्यातच कॅल्शियमच्या पाण्यात मुरवून धुतलेलं, असा अजून एक शब्द दिसेल. कोकोपीटचे कण सोडियम पोटॅशियम धरून बसलेले असतात. आपण खत घातलं की ते कॅल्शियम मॅग्नेशियम धरून ठेवतात आणि सोडियम पोटॅशियम सोडून देतात, म्हणजे झाडाच्या वाट्याचं कॅल्शियम कोकोपीटच खातं. टोमॅटोच्या फळाचं बूड काळं पडतं ते कॅल्शियम कमी पडल्यामुळे, कोकोपीट जास्त असलेल्या कुंडीत हे हमखास दिसतं. म्हणून शेवटच्या धुण्याच्या पाण्यात थोडं कॅल्शियम नायट्रेट विरघळवून रात्रभर ठेवायचं आणि सकाळी परत एकदा पिळायचं. अंड्याची टरफलं टाकली की झालं असं सगळे सांगतात पण ती विरघळायला महिनोन्महिने लागतात, भेंडी-टोमॅटोच्या एका सीझनला त्याचा काही उपयोग नाही.

धुण्याचं पाणी फेकू नका. संडास-बाथरूमला बादल्या भरून ठेवते मी. गच्चीवर पांढऱ्या टाइल्स असतील तर त्यावर सांडू देऊ नका, तपकिरी डाग पडतात आणि सहज निघत नाहीत.

दुसरी गोष्ट, कोकोपीटमधे झाडाला खायला काही नसतं. पाणी मात्र जबरदस्त धरतं, स्वतःच्या वजनाच्या सात-आठ पट. कच्च्या कोकोपीटमधे कार्बन आणि नायट्रोजनचं प्रमाण शंभराला एकच्याही वर असतं, त्यामुळे ते कुजायला लागलं की जंतू आजूबाजूचा नायट्रोजनही ओढून घेतात आणि पानं पिवळी पडतात. आमच्या जवळच्या नर्सरीतले माळीमामा दरवर्षी एकच सांगतात, “ताई, निस्त्या कोकोपीटात लावू नका, ते पाण्याचं भांडं हाय, जेवण तुम्हीच घालायचं.” एकदम बरोबर आहे. नर्सरीतून आणलेली कोकोपीटमधली रोपं आठवडाभर टवटवीत दिसतात कारण तिथे त्यांना रोज खताचं पाणी मिळत असतं, आपल्या घरी आली की उपाशी.

माझं मिश्रण असं, पोयटा किंवा लाल माती चार भाग, शेणखत-गांडूळखत मिळून तीन, कोकोपीट तीन, आणि 12 इंची कुंडीला मूठभर निंबोळी पेंड. भेंडी गवार मिरची टोमॅटो काकडी, सगळ्यांना हेच. भेंडीचं बी रात्रभर भिजवून लावायचं, आणि रात्रीचा गारठा गेल्याशिवाय घाई करू नका, थंड मातीत ते कुजतं. बी रुजवायच्या ट्रेमधे मात्र माती नकोच, कोकोपीट आणि चाळलेलं गांडूळखत निम्मं निम्मं, इथे कोकोपीटसारखी वस्तू नाही, मुळं अशी पांढरीशुभ्र आणि भरगच्च येतात की रोप उचलताना गोळा जरासुद्धा फुटत नाही. मोगऱ्याला थोडं कमी घालते, कारण छाटणीनंतर त्याला जरा ताण लागतो, सतत ओलं राहिलं तर पालाच पाला येतो आणि कळ्या कमी. तुळशीला अगदी ओंजळभर. अडेनियमला अजिबात नाही! त्याला बांधकामाच्या लाल विटेचा चुरा आणि जाड वाळू, कोकोपीटमधे त्याचा बुंधा सडतो, चांगली वाढलेली झाडं अशी जाताना बघवत नाहीत.

पाणी घालायची सवय मात्र बदलावी लागते आणि हे कोणी सांगत नाही. कोकोपीटचा वरचा थर दुपारी फिका पडतो, वाळल्यासारखा दिसतो, आपण लगेच पाइप धरतो, आणि आत दोन बोटांवर ते चिंब असतं. बोट पार खुपसून बघायचं, निदान दोन पेरं आत. ओलं लागलं तर त्या दिवशी पाणी नाही. जास्त ओलं राहिलं की बारीक काळी चिलटं होतात, त्यांच्या अळ्या कोवळी मुळं खातात. तसं झालं तर वर बोटभर कोरडी वाळू पसरायची आणि दोन-तीन दिवस पाणी तोडायचं, फवारणी लागत नाही.

फायदा कुठे कळतो तर एप्रिलमधे. कोकोपीट घातलेल्या कुंड्यांना कडक उन्हातसुद्धा सकाळी एकदा घातलेलं पाणी संध्याकाळपर्यंत पुरतं, नुसत्या लाल मातीच्या कुंड्या चारलाच माना टाकतात. ज्यांच्याकडे पाणी टँकरचं आहे किंवा दिवसाआड येतं त्यांच्यासाठी एवढ्या एका कारणानेच वीट वसूल आहे. आणि वजन! ओल्या मातीने भरलेली मोठी कुंडी दोघांना उचलत नाही, स्लॅबवर पण भार, जुन्या बिल्डिंगमधे तर याचा विचार करायलाच हवा. मिश्रणाची कुंडी मी एकटी सरकवते.

आता कोणी म्हणेल, विकत कशाला, आपल्याकडे पालापाचोळा आहे की. अगदी मान्य. शेतीचे प्रयोग करणाऱ्या श्री. अ. दाभोळकरांच्या प्रयोग परिवाराने पालापाचोळ्यातून माती करायला महाराष्ट्राला शिकवलं, मुंबईत डॉ. आर. टी. दोशींनी उसाची चिपाडं भरून गच्चीवर भाज्या काढल्या, हे सगळं कोकोपीटच्या विटा घरोघरी यायच्या कितीतरी आधीचं. आत्ता पानगळ सुरू आहे, सोसायटीच्या कोपऱ्यात रोज पोतंपोतं पानं पडतात आणि लोक ती जाळतात, ते बघून जीव तुटतो. ती गोळा करा, ड्रममधे दाबून भरा, मधे मधे ओलं करा, पण त्याची माती व्हायला सहा-आठ महिने लागणार, ती दसऱ्याच्या लागवडीला कामाला येईल. कुंड्या आत्ता भरायच्या आहेत त्यामुळे यावर्षी वीट आणि पुढच्या वर्षी निम्मी वीट असं माझं चाललंय. जुनं कोकोपीट पण टाकून देऊ नका, मुळं चाळून, उन्हात वाळवून, गांडूळखत घालून परत वापरता येतं, दोन-तीन वर्षं सहज.

पाच पैकी चार स्टार. एक कापला तो ‘रेडी टू यूज’ लिहिणाऱ्यांसाठी.

650 ग्रॅमच्या छोट्या विटा सोयीच्या आहेत, एकेक वीट आठ-नऊ लिटर होते, बाल्कनीत चार कुंड्या असतील तर त्याच घ्या, पण गच्चीला त्या फार महाग पडतात. मोठी वीट एकदम संपणार नसेल तर जुन्या करवतीने कोरडीच अर्धी कापा, खाली पेपर अंथरा आणि नाकाला रुमाल बांधा कारण धूळ फार उडते. उरलेली अर्धी प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून कोरड्या जागी ठेवा, गच्चीवर उघड्यावर नको, पहिल्या वळिवातच ती पाणी पिऊन पिशवी फाडून बाहेर येते.