गो भाषेसोबत नऊ महिने: लेखांत जे सापडलं नाही ते

पायथन सोडून गो ही प्रोग्रॅमिंग भाषा हातात घेण्याआधी मी पंधरा-वीस लेख वाचले होते. सगळीकडे तेच: वेगवान, सोपी, गोरूटीन (एका प्रोग्रॅममध्ये सोबतीने चालणारी हलकी कामं) स्वस्त. खोटं काहीच नाही. कंपाइल पटकन होतं, एकच बायनरी (चालवायला तयार फाइल) सर्व्हरवर टाकली की झालं. पण पहिला फटका मला अशाच एका लेखामुळे बसला.

फेब्रुवारी २०२४ मध्ये गो १.२२ आली आणि फॉर लूपमधलं व्हेरिएबल दर फेरीला नवं मिळू लागलं. आधी सगळ्या फेऱ्यांत ते एकच असायचं, त्यामुळे लूपमधून सुरू केलेल्या गोरूटीनना बहुधा शेवटचीच किंमत दिसायची. हा त्रास मिटला असं वाचलं आणि मी निर्धास्त झाले. कंपायलर नवा होता, पण जुन्या सर्व्हिसच्या गो-मॉड फाइलीत, म्हणजे प्रकल्पाची गो आवृत्ती जिथे नोंदवतात तिथे, अजून १.१९ लिहिलेलं होतं. त्या ओळीत १.२२ किंवा पुढचा आकडा असेल तरच नवा नियम लागतो. जुने प्रोग्रॅम अचानक बिघडू नयेत म्हणून हे मुद्दाम केलंय, आणि मला ते पटतं. मात्र मला ते कळलं दहा ग्राहकांचे दहा मेल एकाच ग्राहकाला गेल्यावर. लेखात ही अट एका ओळीत मावली असती.

गोरूटीनचंही तसंच. सुरुवातीचा स्टॅक (तिच्या कामापुरती मेमरी) अवघा २ केबी, लाखभर चालवा, हे सगळे सांगतात. अडकून पडलेली गोरूटीन गार्बेज कलेक्टर (नको झालेली मेमरी आपोआप मोकळी करणारा भाग) उचलत नाही, हे मी वाचलेल्या एकाही लेखात नव्हतं. आमची एक गोरूटीन बफर नसलेल्या चॅनेलवर उत्तर पाठवायची. चॅनेल म्हणजे गोरूटीनमधली निरोपांची वाट; बफर, म्हणजे निरोप ठेवायची जागा, नसेल तर घेणारा येईपर्यंत पाठवणारी थांबते. टाइमआउट झाला की वाट पाहणारा निघून जायचा आणि पाठवणारी तिथेच कायमची उभी. मेमरी रोज थोडी चढायची, आम्ही सर्व्हर रीस्टार्ट करत राहिलो. शेवटी पीप्रॉफ या गोच्या तपासणी साधनाने यादी काढली, तर हजारो गोरूटीन एकाच ओळीवर थांबलेल्या. चॅनेलला १ चा बफर दिला आणि चढ थांबला.

म्हणून आता लेख उघडला की आधी शोधते: आवृत्ती कोणती, लेखकाने ही गोष्ट खऱ्या कामात किती दिवस चालवली, कुठे अडखळला. पाच ओळींची उदाहरणं अधिकृत दस्तऐवजांतही मिळतात. वेगाचे तक्ते तर मी सोडूनच देते. आमच्या सर्व्हिसचा बराचसा वेळ डेटाबेसच्या उत्तराची वाट पाहण्यात जातो, तिथे आकडेमोडीचा वेग काय कामाचा? मार्च २०२२ मध्ये १.१८ सोबत आलेल्या जेनेरिक्सवर (एकच कोड अनेक प्रकारच्या डेटासाठी लिहायची सोय) ढीगभर लिहिलं गेलंय. नऊ महिन्यांत मला ते दोनदा लागले.

उलट, जिथे तिथे एरर तपासावी लागते ही लेखांतली सर्वांत मोठी तक्रार. मला तिची दोन आठवड्यांत सवय झाली. परवा रात्री पेमेंट अडकलं तेव्हा प्रत्येक टप्प्यावर एररला जोडलेला मजकूर लॉगमध्ये ओळीने सापडला, आणि नेमकी कुठली क्वेरी फसली ते दहा मिनिटांत समजलं.