पार्क टूल एफआर-४: जुन्या फ्रीव्हीलचा पाना, पण घ्यायच्या आधी दाते मोजा

मामाची प्यूजो सायकल आहे आमच्याकडे, दहा गिअरची, तो जर्मनीत नोकरीला होता तेव्हाची. येताना बोटीने पाठवलेली, आणि आता ती माझ्याकडे आलीये म्हणजे तिचं दुखणंपण माझ्याकडेच. मागच्या चाकाच्या दोन तारा तुटल्या, आणि तुटल्या त्या नेमक्या फ्रीव्हीलच्या (मागच्या चाकावरचा, साखळी बसते तो चकत्यांचा गठ्ठा) बाजूच्या. त्या बाजूला फ्रीव्हील काढल्याशिवाय नवीन तार घालताच येत नाही, मध्ये मोठी चकती येते.

आमच्या इथल्या सायकलवाल्याकडे चाक नेलं तर त्याने बघितलं आणि सरळ छिन्नी-हातोडाच काढला. म्हटलं काका थांबा जरा. आपल्या साध्या सायकलचं फ्रीव्हील असंच काढतात, ठोकून, आणि ते बिघडलं तरी दुसरं स्वस्तात मिळतं म्हणून कोणाला काही वाटत नाही, पण हे अ‍ॅटम कंपनीचं आहे, फ्रेंच, ते फुटलं तर मी कुठे शोधत बसू? आणि ठोकताना वरची दोन भोकांची रिंग फिरली की संपलंच, तिचे आटे उलटे असतात, ती सुटली की छर्रे अख्ख्या दुकानात आणि आतले कुत्रे (हो, त्या खटक्यांना कुत्रेच म्हणतात) स्प्रिंगसकट गायब.

मग पाना मागवायचा ठरवलं आणि इथे माझा गाढवपणा. फ्रीव्हीलचा पाना म्हणजे एकच असणार असं समजून आधी पार्क टूल कंपनीचा एफआर-१.३ मागवला. तो बसलाच नाही. तो १२ दात्यांचा, शिमानो कंपनीच्या फ्रीव्हीलसाठी. माझ्या फ्रीव्हीलच्या आत बॅटरी मारून मोजले तर २० दाते! तेव्हा कळलं की जुन्या काळी ज्या त्या कंपनीने पाना बसायची आपलीच पद्धत काढलेली. अ‍ॅटम आणि रेजिनाच्या बऱ्याच फ्रीव्हीलना २० दाते, त्याला एफआर-४. जुन्या सनटूरला दोन खाचा, त्याला एफआर-२, आणि सनटूरच्याच नंतरच्या मॉडेलना चार खाचा, त्याला एफआर-३. एकाच कंपनीचे दोन पाने, बोला आता. नावावर जाऊ नका हो, रेजिनाचीसुद्धा दोन खाचांची फ्रीव्हील आहेत. आत डोकवा, मोजा, मग पैसे टाका.

आता एफआर-४ बद्दल. हातात घेतला की वजन कळतं, दाते एकदम स्वच्छ कापलेले, आणि बसला की अजिबात हलत नाही. मधे बाजारातून एक बिननावाचा स्वस्तातला पण आणून पाहिला होता, तो बसला खरा पण जोर दिला तर त्याचेच दाते गोल झाले, फ्रीव्हीलचे वाचले हे नशीब. एक गोष्ट मात्र सांगून ठेवतो, माझ्या हबवर (चाकाच्या मधला भाग, ज्यावर फ्रीव्हील चढतं) एफआर-४ पहिल्यांदा पूर्ण आत गेलाच नाही, अ‍ॅक्सलवरचा लॉकनट (बाहेरून आवळलेला नट) आणि स्पेसर (त्याखालची जाड रिंग) मधे येत होता. ते दोन्ही काढले तेव्हा खाली टेकला. अर्धवट बसलेल्या पान्यावर जोर द्याल तर दाते गेलेच म्हणून समजा, त्यामुळे याचा एक स्टार कापतोय.

काढायची पद्धत अशी की पाना बसवा, वरून अ‍ॅक्सलचा नट हाताने लावा म्हणजे पाना उडणार नाही, आणि मग पाना वाईसमध्ये (टेबलावरच्या शिकंज्यात) धरून अख्खं चाकच स्टेअरिंगसारखं डावीकडे फिरवा. हातातल्या पान्याने होत नाही, इतकी वर्षं पॅडल मारमारून ते घट्टच होत गेलेलं असतं. माझ्याकडे वाईस नाही, कोपऱ्यावरच्या फॅब्रिकेशनवाल्याकडे गेलो, आदल्या रात्री आट्यांवर तेल सोडून ठेवलं होतं तरी पहिल्या दोन झटक्यांना काही नाही, तिसऱ्याला असा कट्ट आवाज आला की मला वाटलं हबच गेला. सुटलं होतं! सुटल्या सुटल्या नट सैल करायचा, नाहीतर पुढे फिरताना सगळा ताण अ‍ॅक्सलवर येतो. आणि रिम बदलायची असेल तरी तारा आधी कापू नका, चाक मोडलं की फिरवायला हातात काही उरत नाही.

बाजारातलं नवीन फ्रीव्हील यावर चढवायच्या फंदात मी पडलो नाही. जुन्या फ्रेंच हबचे आटे ३४.७ मिमीचे, १ मिमीच्या अंतराने, आणि नेहमीचं फ्रीव्हील १.३७ इंच, इंचाला २४ आटे. दिसायला सारखेच, दोनेक फेरे जातंसुद्धा, मग अडकतं आणि जोर केला की अल्युमिनियमच्या हबचे आटे खलास. जुनंच डिझेलमध्ये धुतलं, आट्यांना ग्रीस लावून परत चढवलं.

पाच पैकी चार स्टार. आणि तो चुकून घेतलेला एफआर-१.३ वाया गेला नाही, शेजारच्या पोराच्या सात गिअरच्या सायकलला शिमानोचंच फ्रीव्हील निघालं, त्याला चपखल बसला. मामाला फोन करून सगळं सांगितलं तर म्हणतो, अरे तसला एक पाना मी सायकलबरोबरच पाठवला होता, माळ्यावर बघितलंस का?