एमडीअ‍ॅडम: चारपैकी दोन डिस्क बाहेर पडल्यावर पटलेले साधन

डिस्कचा अ‍ॅरे (म्हणजे एकत्र जोडलेल्या अनेक डिस्कचा संच) सांभाळणाऱ्या साधनाचे परीक्षण तो अ‍ॅरे धडधाकट असताना करण्यात फारसा अर्थ नसतो, कारण त्या वेळी सगळीच साधने सारखीच चांगली वाटतात. लिनक्समधील ‘एमडीअ‍ॅडम’ मी घरच्या सर्व्हरवर सहा वर्षे वापरत आहे, परंतु त्याची खरी ओळख मला मे महिन्यात झाली, जेव्हा रेड ५ (डेटा अनेक डिस्कवर विभागून ठेवण्याची एक रचना) मधील चारपैकी दोन डिस्क अ‍ॅरेबाहेर गेल्या आणि वडिलांनी कॅसेटवरून उतरवून घेतलेली नाट्यसंगीताची ध्वनिमुद्रणे उघडेनाशी झाली.

आमच्या साताऱ्याच्या घरी हा सर्व्हर एका जुन्या डेस्कटॉपच्या कॅबिनेटमध्ये आहे. डेबियन ही लिनक्सची वितरण-आवृत्ती, ४ टीबीच्या चार डिस्क आणि त्यांवर रेड ५, म्हणजे एका डिस्कइतकी जागा पॅरिटीसाठी (गेलेल्या डिस्कवरचा डेटा पुन्हा काढता यावा म्हणून ठेवलेल्या हिशेबासाठी) सोडून वापरायला १२ टीबी. या रचनेत एक डिस्क गेली तरी काम चालू राहते. दुसरी गेली की सगळेच थांबते. हे सगळे ज्याच्या जोरावर चालते तो ‘एमडी’ हा लिनक्सच्या कर्नेलचाच, म्हणजे गाभ्याचाच, भाग आहे आणि एमडीअ‍ॅडम हा त्याला आदेश देणारा प्रोग्राम आहे. नील ब्राउन यांनी तो २००१ मध्ये लिहायला घेतला. तो मोफत आहे, मुक्तस्रोत आहे, आणि बाजारात मिळणाऱ्या सिनॉलॉजी किंवा क्यूनॅपसारख्या साठवणीच्या तयार पेट्यांच्या पोटातही बहुतेक ठिकाणी हाच एमडी काम करत असतो.

वळवाच्या पावसात एका संध्याकाळी वीज चार-पाच वेळा गेली आणि आली. यूपीएस असल्यामुळे सर्व्हर बंद पडला नाही, पण रात्री एक फाइल उघडताना त्रुटी आली, म्हणून मी अ‍ॅरेची स्थिती पाहिली. एमडी ही स्थिती एका ओळीत दाखवतो: चौकटी कंसात प्रत्येक चालू डिस्कसाठी एक ‘यू’ आणि गेलेल्या डिस्कच्या जागी अधोरेखा. मला दोन ‘यू’ आणि दोन अधोरेखा दिसल्या.

अशा वेळी सर्वात मोठा धोका डिस्ककडून नसून आपल्याच हातून असतो, आणि या साधनाचा जो गुण मला सर्वात मोलाचा वाटतो तो इथे कामी आला. प्रत्येक डिस्कवर, सहसा सुरुवातीला, एमडी एक छोटी नोंद, म्हणजे सुपरब्लॉक, ठेवतो. त्यात ही डिस्क कोणत्या अ‍ॅरेची, कितव्या क्रमांकाची, तुकड्यांचा आकार किती, हे तर असतेच, शिवाय ‘इव्हेंट्स’ नावाचा एक आकडा असतो, जो अ‍ॅरेच्या स्थितीत बदल झाला की वाढत जातो. डिस्क बाहेर पडली की तिच्यावरचा आकडा तिथेच थांबतो. ‘एक्झामिन’ हा आदेश चारही डिस्कवर चालवल्यावर पहिल्या दोन डिस्कवर ५१,८७७, तिसरीवर ५१,८७१ आणि चौथीवर ४४,३०२ असे आकडे मिळाले. चार आकड्यांत सगळी हकिकत होती: तिसरी डिस्क आत्ताच, काही क्षणांपूर्वी गेली होती आणि चौथी कधीच गेली होती. सुपरब्लॉकमधील शेवटच्या नोंदीची वेळ पाहिली तेव्हा ती अकरा दिवसांपूर्वीची निघाली. अकरा दिवस माझा अ‍ॅरे एका पायावर उभा होता आणि मला त्याचा पत्ता नव्हता. त्याविषयी पुढे सांगतो, कारण तो दोष अर्धा माझा आणि अर्धा या साधनाच्या मांडणीचा आहे.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दोन्ही डिस्क गावातील एका दुरुस्तीच्या दुकानात नेल्या. तिथल्या तंत्रज्ञाने त्या यूएसबीच्या डॉकमध्ये घातल्या, विंडोजने ‘फॉरमॅट करायचे का’ असे विचारले, आणि त्याने मान हलवून सांगितले, “सर, दोन्ही गेल्यात. डेटा काढायचा तर पुण्याला पाठवाव्या लागतील.” एमडीची डिस्क विंडोजला ओळखता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ होता. त्या खिडकीत कोणी चुकून ‘होय’ म्हटले नाही हे माझे नशीब, आणि डिस्क घराबाहेर न्यायलाच नको होत्या हा माझा धडा.

घरी परतून डिस्कच्या स्वतःच्या आरोग्यनोंदी, म्हणजे ‘स्मार्ट’चे आकडे, वाचले. यात क्रमांक ५ हा बदललेल्या सेक्टरांचा (डिस्कवरच्या छोट्या कप्प्यांचा) आणि १९७ हा संशयित सेक्टरांचा आकडा. पृष्ठभाग खराब होऊ लागला की हे दोन वाढतात. दोन्ही डिस्कवर ते शून्य होते. मात्र क्रमांक १९९, जो डिस्क आणि मदरबोर्ड यांच्यामधल्या वाटेवर डेटा बिघडल्याची मोजदाद ठेवतो, तो चौथ्या डिस्कवर १,८४६ आणि तिसरीवर ९२ होता. कर्नेलच्या लॉगमध्येही ‘हार्ड रिसेटिंग लिंक’ ही ओळ पुन्हा पुन्हा आली होती आणि मग लिंकचा, म्हणजे डिस्कशी असलेल्या जोडणीचा, वेग उतरवल्याची नोंद होती. म्हणजे डिस्क ठणठणीत होत्या. बिघाड वाटेत होता. कॅबिनेट उघडल्यावर दिसले की या दोन डिस्कना वीज एकाच स्वस्त स्प्लिटरवरून जात होती, त्याच्या एका टोकाचे पांढरे प्लास्टिक चहाच्या डागासारखे तपकिरी झाले होते, आणि चौथ्या डिस्कची साटा केबल (डेटाची केबल) कॅबिनेटच्या झाकणाखाली इतकी दुमडली गेली होती की बोट लावताच ती सैल झाली. दोन नव्या केबल घेतल्या आणि दोन्ही डिस्कची वीज थेट पॉवर सप्लायच्या वायरवरून दिली. एकूण खर्च पाचशे रुपयांच्या आत.

अ‍ॅरे परत उभा करण्याचे काम एमडीअ‍ॅडम ज्या काटेकोरपणे करतो त्याला मी पूर्ण गुण देईन. नुसता ‘असेंबल’ आदेश दिल्यावर त्याने नकार दिला, आणि तो योग्यच होता, कारण आकडे जुळत नव्हते. मग पहिल्या तीनच डिस्क नावाने देऊन, चौथी मुद्दाम बाहेर ठेवून, ‘फोर्स’ या पर्यायासह पुन्हा सांगितले. त्याआधी मी डिस्कवर प्रत्यक्ष काहीही लिहिले जाणार नाही, सगळे लेखन वेगळ्या फाइलमध्ये जाईल, असा ‘ओव्हरले’ चढवून एक रंगीत तालीम केली होती. ही पद्धत लिनक्समध्ये उपलब्ध आहे आणि तिला अर्धा तास लागतो. तालीम नीट पार पडल्यावर खरा आदेश दिला. तिसऱ्या डिस्कचा आकडा सहा घटनांनी मागे आहे, तो पुढे आणून घेत आहोत, असे स्पष्ट वाक्य पडद्यावर आले आणि अ‍ॅरे तीन डिस्कवर सुरू झाला. फाइलव्यवस्था आधी नुसती तपासली, मग केवळ वाचण्यापुरती जोडली, आणि ध्वनिमुद्रणे व फोटो बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेतले. त्यानंतरच चौथ्या डिस्कला हात लावला.

इथे आणखी एक सोय उपयोगी पडली. मोठ्या अ‍ॅरेबरोबर एमडी सहसा एक ‘बिटमॅप’ ठेवतो, ज्यात डिस्क गैरहजर असताना कोणत्या भागांत लेखन झाले याची खूण राहते. त्यामुळे ‘री-अ‍ॅड’ म्हटल्यावर चौथी डिस्क मुळापासून भरावी लागली नाही, फक्त बदललेले भाग भरले गेले आणि काम चाळीस मिनिटांत आटोपले. बिटमॅप नसता तर ४ टीबी लिहायला, सेकंदाला १५० एमबी हा वेग धरला तरी, सात तासांहून अधिक लागले असते, आणि तेवढा वेळ उरलेल्या तिन्ही डिस्कवर सतत वाचनाचा ताण आला असता.

आता तक्रारी. पहिली, सूचनांची. डिस्क गेली की एमडीअ‍ॅडम ईमेल पाठवतो, पण डेबियनवर तो मुळात ‘रूट’ या स्थानिक खात्याला पाठवतो, आणि बाहेर मेल पाठवण्याची व्यवस्था सर्व्हरवर नसेल तर ते पत्र तिथेच पडून राहते. माझ्या अकरा दिवसांचे कारण हेच होते. चाचणीचे पत्र पाठवण्याची सोय साधनात आहे, पण ती वापरा असे कोणी सांगत नाही. अ‍ॅरे बांधतानाच ती चाचणी पुढे यायला हवी होती.

दुसरी तक्रार अधिक गंभीर आहे. ‘क्रिएट’ हा आदेश जुन्या डिस्कवर चालवला तर साधन एकदा इशारा देते, आपण ‘वाय’ दाबले की पुढे जाते. घाबरलेल्या माणसाला हाच आदेश ‘अ‍ॅरे परत बनवण्याचा’ मार्ग म्हणून सुचवला जातो. मला माझ्या मामेभावाने फोनवर अगदी प्रेमाने हेच सांगितले होते. पण आवृत्त्यांबरोबर सुपरब्लॉकचा प्रकार, तुकड्याचा आकार आणि डेटा डिस्कवर नेमका कुठून सुरू होतो ती जागा बदलत आली आहे. जुन्या आवृत्तीने बांधलेला अ‍ॅरे नव्या आवृत्तीच्या ठरीव मूल्यांनी ‘बनवला’ तर डिस्क त्याच, क्रम तोच, पण आतला मजकूर विस्कटलेला दिसतो, आणि जुनी सुपरब्लॉकची नोंद पुसली गेल्याने मूळ मूल्ये शोधणेही अवघड होते.

एक गोष्ट साधनाच्या कक्षेबाहेरची असूनही इथे नोंदवणे भाग आहे, कारण अनेकांचे अ‍ॅरे तिच्यामुळे विनाकारण तुटतात. साधी डेस्कटॉपची डिस्क एखादे खराब सेक्टर वाचण्यासाठी दोन मिनिटांहूनही अधिक झगडू शकते, तर लिनक्सचे कर्नेल ३० सेकंदांत धीर सोडून लिंक रिसेट करते आणि चांगली डिस्क बाहेर जाऊ शकते. अ‍ॅरेसाठीच्या डिस्क सहसा ७ सेकंदांत हार मानतात, मग एमडी तो भाग पॅरिटीवरून काढून पुन्हा लिहितो. ज्या डिस्कना ही मर्यादा घालता येते त्यांना ती घालावी; ज्यांना येत नाही त्यांच्यासाठी कर्नेलची प्रतीक्षा १८० सेकंदांपर्यंत वाढवावी. माझी तिसरी डिस्क याच दुसऱ्या प्रकारची आहे, आणि सर्व्हर सुरू होताना ही वाढ आपोआप होईल अशी व्यवस्था मी आता केली आहे.

झेडएफएसशी, म्हणजे अनेक डिस्क स्वतःच सांभाळणाऱ्या फाइलव्यवस्थेशी, तुलना केल्यावाचून हे परीक्षण अपुरे राहील. झेडएफएस प्रत्येक खंडाची चेकसम (पडताळणीचा आकडा) ठेवते, त्यामुळे कोणत्या डिस्कने चुकीचा डेटा दिला हे तिला कळते. एमडीच्या रेड ५ ला पॅरिटी जुळत नाही एवढेच कळते, चूक कोणाची हे कळत नाही. ज्याला आज नव्याने, चांगली मेमरी असलेल्या यंत्रावर सुरुवात करायची आहे त्याला मी झेडएफएस सुचवीन. पण हाताशी असलेल्या जुन्या यंत्रावर, एकेक डिस्क वाढवत नेणाऱ्या घरासाठी एमडीअ‍ॅडम अजूनही सोयीचा आहे. अ‍ॅरेत डिस्क वाढवणे त्याला कित्येक वर्षांपासून येते, तर झेडएफएसच्या रेडझेड या रेड ५ सारख्या रचनेत ही सोय २.३ या आवृत्तीबरोबर जानेवारी २०२५ मध्ये आली. शिवाय मदरबोर्ड जळाला तर या डिस्क कोणत्याही लिनक्स यंत्राला लावून अ‍ॅरे उभा राहतो, त्याच कंपनीचे रेड कार्ड शोधत फिरावे लागत नाही.

डेबियनवर दर महिन्याच्या पहिल्या रविवारी अ‍ॅरेची पूर्ण पडताळणी आपोआप होते. जूनमधल्या पडताळणीला साडेआठ तास लागले आणि न जुळणाऱ्या भागांची संख्या शून्य आली. चौथ्या डिस्कवरचा १९९ क्रमांकाचा आकडा अर्थातच मागे जात नाही. तो १,८४६ वर आहे आणि केबल बदलल्यापासून तिथेच आहे.