बाथचे नंबर वन रॉयल क्रेसेंट: आत शिरण्याआधी खिडक्या पाहा

रॉयल क्रेसेंट ही इंग्लंडमधल्या बाथ शहरातली चंद्रकोरीच्या आकाराची घरांची रांग. तिच्या ३० घरांपैकी पूर्व टोकाचे हे पहिले घर. आराखडा धाकट्या जॉन वुडचा. १७६७ मध्ये काम इथूनच सुरू झाले आणि १७७४ पर्यंत दगडी चंद्रकोर पूर्ण झाली. १९७० पासून हे घर संग्रहालय म्हणून खुले आहे. बहुतेक जण थेट फर्निचर बघायला आत जातात. पण वास्तू समजून घ्यायची असेल तर आधी समोरच्या हिरवळीवर अर्धा तास उभे राहावे.

पहिल्या मजल्याच्या खिडक्यांचा खालचा काठ शेजारच्या घरांशी ताडून पाहा. इथे तो उंचावर आहे. पुढे कित्येक घरांत थेट त्या मजल्याच्या फरशीपर्यंत उतरलेला दिसेल. एकोणिसाव्या शतकात खिडक्या खाली वाढवून मोठ्या, अखंड काचा बसवायची चाल आली होती. या घराच्या जीर्णोद्धारात खिडक्या मूळ मापावर आणल्या आणि लाकडी पट्ट्यांत बसवलेली छोटी तावदानेही परत आली. फरक दिसायला बारीक, परिणाम मोठा. क्रेसेंटचे ११४ आयोनिक खांब (माथ्याशी गुंडाळीसारखी नक्षी असलेले ग्रीक शैलीचे खांब) तळमजल्याच्या माथ्यावरून उठतात आणि दोन मजले चढतात. खिडकीखालची सलग भिंत म्हणजे त्यांची बैठक. ती कापली की खांब अधांतरी वाटतात. तळमजला मुद्दाम साधा ठेवला आहे, दारांनाही फारसा डामडौल नाही, म्हणून सगळा भार या मधल्या पट्ट्यावर येतो. जीर्णोद्धारातला हा एक निर्णय आम्हाला आतल्या सगळ्या सजावटीपेक्षा मोलाचा वाटतो.

मग जवळ जाऊन दगड पाहा. बाथचा हा मधाळ चुनखडक मऊ, सच्छिद्र आणि पाणी पिणारा. घडीव दगडांमधले सांधे अगदी अरुंद असतात आणि त्यांत चुनाच हवा. सिमेंट भरले की ओल सांध्यातून बाहेर पडू शकत नाही, दगडातून वाट काढते, क्षार पृष्ठभागाशी साचतात आणि कडा पापुद्र्यांसारख्या सुटतात. खाणीत दगडाचे थर आडवे असतात, तसेच ते भिंतीतही आडवे हवेत. उभे बसवले तर दर्शनी थर एकसंध सोलून निघतो. बाथमधल्या कुठल्याही जुन्या भिंतीवर ही दोन दुखणी ओळखता यावीत.

आत दालनांची उतरंड नीट कळते. तळमजल्यावर जेवणाचे दालन, वर मानाचा दिवाणखाना. सॅश खिडक्यांसाठी, म्हणजे वर-खाली सरकणाऱ्या दोन झडपांच्या खिडक्यांसाठी, वेळ राखून ठेवा. चौकटीच्या पोकळीत दोरीला टांगलेली वजने असतात. वरच्या झडपेची वजने तिच्यापेक्षा किंचित जड हवीत, म्हणजे ती वर टिकते. खालच्या झडपेची किंचित हलकी, म्हणजे ती बंद राहते. काच बदलून जाड घातली आणि वजने तीच ठेवली की झडप आपोआप घसरते. रंगाचे थर चढत गेले की ती अडकते, मग लोक जोर लावतात आणि दोरी तुटते. सर्वांत आधी कुजतो तो खालचा उंबरा, विशेषतः त्याची दोन्ही टोके.

नोकरांचा विभाग अनेक वर्षे मुख्य घरापासून तुटलेला होता. २०१३ मध्ये तो पुन्हा जोडला गेला. स्वयंपाकघरासह तो पाहिल्याशिवाय हे घर कसे चालायचे ते समजत नाही, त्यामुळे घाई असली तरी वगळू नका. वरच्या दालनांतला प्रकाश, उंची आणि नक्षी डोळ्यांत ताजी असतानाच खाली यावे.

बाहेर पडल्यावर इमारतीच्या मागे क्रेसेंट लेनमध्ये जा. वुडने दर्शनी भिंत बांधून दिली होती, मागचे घर मात्र ज्याने त्याने आपल्या सोयीने उभे केले. त्यामुळे पुढे एका राजवाड्यासारखी सलग दिसणारी रांग मागून निरनिराळ्या उंचीच्या छपरांची, पुढे-मागे सरकलेल्या भिंतींची, हव्या तिथे काढलेल्या खिडक्यांची होते. संग्रहालयाच्या तिकिटात ही बाजू नाही, पण ती पाहिली की समोरची शिस्त किती ठरवून आणलेली आहे ते कळते.