अमायलेज की लायपेज: उंदरांतला स्वादुपिंडाचा दाह रक्तावरून ओळखताना

सेर्युलिन टोचून उंदरांत स्वादुपिंडाचा दाह घडवण्याचा प्रयोग मांडायला घेतला की तपासणीचं किट मागवतानाच हा प्रश्न समोर येतो: दाहात रक्तात वाढणाऱ्या अमायलेज आणि लायपेज या दोन पाचक एन्झाइमांपैकी कोणतं मोजायचं? मी दोन्ही वापरली आहेत. आज निवडायचं झालं तर लायपेज घेईन, पण अमायलेज टाकाऊ आहे असं नाही. ते स्वस्त पडतं, आणि जुन्या शोधनिबंधांत बहुधा तेच मोजलेलं असल्यामुळे आपले आकडे ताडून बघता येतात. दर तासाला किलोमागे 50 मायक्रोग्रॅमची इंजेक्शनं देऊन, शेवटच्या इंजेक्शननंतर तासाभरात रक्त घेणार असाल, तर दोन्ही चढलेलीच दिसतील.

माझं घोडं अडलं ते डायल्यूशनपाशी, म्हणजे नमुना पातळ करण्यापाशी. निरोगी उंदराच्या सिरममध्येच (रक्त गोठल्यावर सुटणाऱ्या द्रवात) अमायलेज हजारांच्या घरात असतं, आणि त्यात लाळग्रंथींचाही वाटा असतो. आजारी उंदराचा नमुना तसाच लावला तर रीडिंग मशीनच्या मर्यादेबाहेर जातं. मग जेमतेम 50 मायक्रोलिटर सिरममधून 2 मायक्रोलिटर उचलायचं, टिपेला बाहेरून चिकटलेलं पुसून काढायचं, बफरमध्ये मिसळायचं. तरी आवाक्यात आलं नाही तर पुन्हा तेच. इतक्या कमी मापात पिपेट जरासं इकडेतिकडे झालं तरी पुढच्या गुणाकारात ती चूक फुगते. एकाच गटातल्या उंदरांत एवढा फरक दिसतो तो आजाराचा की पिपेटचा, हे सांगता येईना. लायपेजलाही डायल्यूशन लागतं, पण माझ्या अनुभवात क्वचित.

24 तासांनी रक्त घेतलं तर अमायलेज बरंचसं उतरलेलं असतं. सूक्ष्मदर्शकाखाली स्वादुपिंडाच्या स्लाइडवर मात्र सूज आणि जमलेल्या दाहक पेशी स्पष्ट दिसतात. लायपेज थोडं जास्त टिकतं असं मला वाटतं. माणसांत तर ते नक्कीच जास्त दिवस चढलेलं राहतं. सेर्युलिनऐवजी आर्जिनिन हे अमिनो आम्ल टोचून दाह घडवतात, त्या आर्जिनिन मॉडेलचं गणित वेगळं. तिथे ग्रंथीच इतकी नासते की उशिरा घेतलेल्या नमुन्यात अमायलेज निरोगी उंदरांपेक्षाही खाली जाऊ शकतं. अशा वेळी लायपेजवरही फार भिस्त ठेवू नये, स्लाइडच बघावी. आजार किती तीव्र आहे, हे तसंही दोन्हींपैकी एकही नीट सांगत नाही.

लायपेज घेणार असाल तर एक सांभाळा. ट्रायग्लिसराइडच्या रिएजंटमध्येच लायपेज असतं, त्यामुळे एकाच ॲनालायझरवर ती तपासणी आधी लावली तर प्रोबला (द्रव उचलणाऱ्या सुईला) राहिलेला अंश तुमचा आकडा खोटा चढवतो. लायपेज आधी लावून घ्या. आणि कोणतंही निवडलं तरी रक्त ईडीटीएच्या (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनाच्या) नळीत नको. ईडीटीए कॅल्शियम बांधून ठेवतं आणि या एन्झाइमांना कॅल्शियम लागतं.