जळगावातला जर्मन क्लास : साडेतीन स्टार, त्यातला एक हाबेकचा

क्लासचं नाव टाकत नाही कारण खाली थोडं रडगाणं पण आहे आणि मॅडमशी वाकडं घेऊन चालणार नाही, माझी बी वन, म्हणजे ए टूच्या पुढची लेव्हल, अजून बाकी आहे. जळगावात, भुसावळहून अपडाऊन करून चार महिन्यात ए टू केलं, फी 18 हजार.

बाकीचे क्लास पुस्तकातली फॅमिली, बाजार, डॉक्टरकडे जाणे हेच दळत बसतात. आमच्या मॅडमनी एक महिना एकच माणूस लावून धरला, रॉबर्ट हाबेक, जर्मनीचा माजी अर्थमंत्री म्हणजे इकॉनॉमी आणि क्लायमेट खात्याचा, तिजोरीवाला नाही. पहिल्या दिवशी सगळे वैतागले, मागून एक जण बोललाच, भो नेताच शिकायचा तर आपल्याकडे काय कमी आहेत का. नर्सिंगच्या पोरींचं म्हणणं, आम्हाला पेशंटला गोळी कधी घ्यायची ते सांगता आलं म्हणजे झालं.

पण मॅडमचं डोकं असं की जर्मनमध्ये वेर्डेन नावाचं एक क्रियापद आहे, होणे, बनणे, आणि ह्या माणसाचं करिअर म्हणजे नुसतं वेर्डेनच. 2000 साली हॅम्बुर्गला साहित्यात पीएचडी, मग बायकोसोबत मिळून कादंबऱ्या, मग 2012 ला उत्तरेकडच्या श्लेसविग-होल्स्टाइन राज्यात शेती आणि ऊर्जा मंत्री (इथे रावेरचा केळीवाला पोरगा पहिल्यांदा जागा झाला), 2018 ला ग्रीन पार्टीचा, म्हणजे पर्यावरणवाल्या पक्षाचा सहअध्यक्ष, आणि डिसेंबर 2021 ला थेट व्हाइस चान्सलर, युनिव्हर्सिटीचा नाही, आपल्याकडच्या उपपंतप्रधानासारखा. दरवेळी एर वुर्ड, एर वुर्ड, म्हणजे तो बनला, तो बनला. मला झोपेतून उठवा, वुर्ड बरोबर सांगतो.

खरी मजा 2022 च्या धड्यात. जर्मनी बाहेरून घेत होती त्यातला निम्म्याहून जास्त गॅस रशियाचा, तिकडे युद्ध सुरू झालं आणि हा ग्रीन पार्टीचा माणूस गॅस मागायला कतारला गेला, बंद करायचे कोळशाचे प्लांट परत चालू केले, आणि डिसेंबरपर्यंत विल्हेल्म्सहाफेन बंदराला एलएनजीचं, म्हणजे जहाजाने येणाऱ्या द्रवरूप गॅसचं टर्मिनल उभं पण राहिलं. त्याच उन्हाळ्यात लोकांना कमी वेळ अंघोळ करा सांगताना म्हणाला की मी आयुष्यात कधी पाच मिनिटं शॉवर घेतला नाही. आमच्या बॅचमध्ये नळाला रोज पाणी येणारे दोघंच, बाकीच्यांना ह्यात बातमी काय तेच कळेना.

मग 2023 चा हीटिंगचा कायदा, घरात नवीन हीटिंग बसवायचं तर निदान 65 टक्के ऊर्जा रिन्यूएबल पाहिजे. लोक एवढे भडकले की पेपरवाल्यांनी हाइत्स-हामर, हीटिंगचा हातोडा, असं नावच पाडलं, आणि आम्ही एप्रिलच्या 44 डिग्रीत घाम पुसत हीटिंगचे शब्द पाठ करत होतो. त्याच वर्षी त्याच्या सचिवाने एका सरकारी कंपनीच्या साहेबाच्या निवडीत आपल्याच लग्नातल्या साक्षीदाराला पुढे केलं म्हणून सचिवाची खुर्ची गेली. ट्राउत्सोइगं, लग्नाचा साक्षीदार, हा शब्द मी आता मेलो तरी विसरत नाही.

फेब्रुवारी 2025 ला चान्सलरपदासाठी उभा राहिला, पार्टीला 11.6 टक्के मिळाले. सप्टेंबरमध्ये खासदारकी सोडली आणि कोपनहेगनच्या इन्स्टिट्यूटमध्ये आणि अमेरिकेत बर्कलीला शिकवायला-बिकवायला गेला. कोपनहेगनच का, तर वाइल एर डेनिश कान, कारण त्याला डॅनिश येतं, कॉलेजात असताना तिकडे राहून शिकलेला. वाइल आलं की क्रियापद शेवटी जातं, आपल्या मराठीसारखंच, हे मॅडमनी दाखवलं तेव्हा दोन महिन्याची माझी भीती गेली.

आता दीड स्टार कुठे कापला. एका बॅचला 22 जण, बोलायला वाट्याला दोन मिनिटं येतात. ऐकायच्या प्रॅक्टिसचा स्पीकर फाटलेला आहे, हाबेक काय बोलतो आणि कुकर कुठला शिट्टी देतो फरक कळत नाही. रेकॉर्डिंग देऊ म्हणाले होते, अजून देऊन राहिले. संध्याकाळची बॅच बाहेरगावच्याने घेऊ नका, सुटायला आठ वाजतात आणि गाडी डोळ्यासमोर निघून जाते, मी दोनदा स्टेशनवर शेव-मुरमुरे खात बसलोय.

बी वनला मॅडम जर्मनीच्या माजी चान्सलर मर्केलबाई घेणार म्हणतात. मी नाव टाकलंय, पण पैसे भरायच्या आधी स्पीकर लावून बघणार आहे.