हेडर आला, कॅट गेला

आकडा आधीच सांगून टाकतो: ९७,५५० रुपये. गाडीला हेडर, म्हणजे इंजिनाचा धूर बाहेर नेणाऱ्या नळ्यांचा संच, बसवायच्या नादात गेले. घरी ‘पन्नासेक हजार गेले’ असं सांगितलंय, आणि हे लिहिताना दार लावून बसलोय.

गाडी बाबांची. २००२ ची होंडा सिटी, दीड लिटर व्हीटेक. ज्यांनी चालवली आहे त्यांना १०६ बीएचपीचं कौतुक सांगायला नको. बाकीचे म्हणतील म्हाताऱ्या गाडीवर एवढा खर्च कशाला. बाबांनंतर ती मी सांभाळली, रजिस्ट्रेशन रिन्यू करून घेतलं, आणि एकदा तरी तिचा गळा मोकळा करायचा असं मनात होतं. एवढंच कारण. चूक वाटत असेल तर वाटू द्या.

मी मेकॅनिकलचा डिप्लोमावाला आहे. चकाकतंय म्हणून भुललो नाही, चार महिने वाचत होतो. कंपनीच्या बिडाच्या मॅनिफोल्डमध्ये, म्हणजे हेडरच्या जागी मुळात असतो त्या भागात, चारही सिलिंडरचा धूर फार लवकर एकत्र येतो. हेडरमध्ये प्रत्येकाला आपली नळी, लांबी शक्यतो सारखी, म्हणजे एकाचा धक्का दुसऱ्याच्या आड येत नाही. ४-१, म्हणजे चारही नळ्या एकदम एकत्र, वरच्या आरपीएमला जोर देतो; ४-२-१, म्हणजे आधी दोन-दोन आणि मग एक, मधल्या पट्ट्यात. मला इंदूरच्या एबी रोडच्या गर्दीतून ऑफिस गाठायचं असतं, म्हणून ४-२-१. निवड बरोबर होती. माणूस चुकला.

माणूस देवास नाक्याकडचा. पहिल्याच फोनवर शुद्ध मराठीत बोलला. ‘अहो दादा, आम्हीपण रामबागेतलेच, गणपतीत तुम्हाला पाहिलंय.’ झालं. इंदूरमध्ये दिवसभर हिंदी बोलून आलेल्या माणसाला कुणी ‘अहो दादा’ म्हटलं की काय होतं हे इथल्यांना कळेल. मी पहिल्या मिनिटाला निम्मा विकला गेलो होतो.

सांगितलं काय, तर जपानहून आलेला हेडर, ३०४ स्टेनलेस, मँड्रेल बेंड, म्हणजे वळणावर पाइप चेपत नाही. ‘आपला सेटअप पीथमपूरला नॅट्रॅक्सवर पळवलाय’ हेही ठोकून दिलं. आता नॅट्रॅक्सचा तो गाड्यांच्या चाचणीचा ११.३ किलोमीटरचा ट्रॅक इंदूरच्या प्रत्येक गाडीवेड्याला माहीत आहे, आणि म्हणूनच जो उठतो तो त्याचं नाव घेतो. पुरावा मागा. मी मागितला नाही.

अ‍ॅडव्हान्स २५,०००. मग ‘माल मुंबईत कस्टममध्ये अडकलाय’ म्हणून ९,४००. यूपीआयवर नाव दुकानाचं नव्हतं, कुठल्याशा बाईंचं होतं. विचारलं तर ‘मिसेसचं अकाउंट आहे दादा’. कस्टम ड्यूटी भरली की बिल ऑफ एंट्री असते, ती दाखवा म्हणायला किती सेकंद लागतात? नंतर उरलेले २२,०००, गॅस्केट आणि स्टड २,८००, फिटिंग ६,५००, डायनो, म्हणजे रोलरवर गाडी चालवून ताकद मोजणं, ४,५००. एकूण ७०,२००. पक्कं बिल नाही. ‘बिल घेतलं तर जीएसटी लागेल दादा, तुमचंच नुकसान.’ बिल न देणाऱ्याकडे पंक्चरसुद्धा काढू नका.

आता तो क्षण. रात्री झोप येत नाही ती यामुळे.

खोक्यातून हेडर निघाला तो आधीच टेपमध्ये गुंडाळलेला. ती राखाडी, विणलेली हीट टेप असते ना, उष्णता आत ठेवायला गुंडाळतात ती. इंजिनाला बसणाऱ्या फ्लँजच्या पट्टीपासून नळ्या एकत्र येतात त्या कलेक्टरपर्यंत, बँडेज बांधल्यासारखी. ‘कंपनीतूनच अशी येते,’ म्हणाला. माझ्या खिशात मुलीचं फ्रिजवरचं मॅग्नेट होतं, खास त्यासाठी नेलेलं! फ्लँजला लावलं, चिकटलं. म्हणाला, ‘फ्लँज एमएसचाच, साध्या लोखंडाचाच असतो, जाड लागतो.’ खोटंही नाही, बऱ्याच हेडरना तसाच असतो. कलेक्टरजवळ टेपच्या फटीतून बोटभर नळी दिसत होती, तिथे लावलं, चिकटलं नाही. मी खूश. आता कळतंय की २०२ ग्रेडलाही मॅग्नेट चिकटत नाही. स्वस्तातलं, निकेल कमी असलेलं, लवकर गंजणारं २०२.

त्याच फटीतून मला वेल्डिंग दिसलं होतं. आर्गनचं चांगलं वेल्डिंग माशाच्या खवल्यांसारखं एकावर एक बसतं. हे वाळलेल्या पिठल्यासारखं होतं, गोळे गोळे. मी पाहिलं. मला ते दिसलं आणि मी गप्प बसलो, कारण समोर चहा आला होता, तो गणपतीच्या मिरवणुकीचं काहीतरी सांगत होता, आणि ‘जरा टेप सोडून दाखव’ म्हणणं मला उद्धटपणाचं वाटलं. पंचवीस हजार दिलेला माणूस उद्धटपणाला घाबरतोय! कुणीही गुंडाळलेला हेडर आणला तर तिथेच टेप सोडायला लावा. पोर्टमध्ये बोट घाला, आत वेल्डिंगची कड लागली तर उठून या.

गाडी सोडून घरी आलो. संध्याकाळी गाडी आणि डायनोची शीट मिळाली: चाकावर ८८ वरून १०६ बीएचपी. अठरा वाढले! कंपनीचे १०६ इंजिनवरचे, चाकावर ते कमीच भरतात, आणि एवढ्या छोट्या, टर्बो नसलेल्या इंजिनाला नुसत्या हेडरने पाच मिळाले तरी पेढे वाटावेत. पण त्याहून मोठा विनोद शीटवरच छापलेला होता. टॉर्क पाउंड-फूटमध्ये आणि ताकद बीएचपीमध्ये एकाच मापावर काढली की दोन्ही रेघा ५,२५२ आरपीएमलाच एकमेकींना छेदतात. गणितच तसं आहे, गाडी कुठलीही असो. माझ्या शीटवर त्या ४,६०० ला छेदत होत्या. हे मला दोन आठवड्यांनी दिसलं. आणि मीटर: गाडी देताना फोटो काढला होता १,४३,२१८ चा, घेताना १,४३,२२०. डायनो म्हणे पीथमपूर रोडला, आणि गाडी फिरली दोन किलोमीटर. बहुतेक चहाला गेली असेल.

पाचव्या दिवसापासून सकाळी थंड इंजिनावर टिक-टिक. गरम झालं की बंद. म्हणजे फ्लँजला गळती. धातू प्रसरण पावला की फट मिटते. फ्लँज जेमतेम सहा मिलिमीटरचा, वाकलेला. गळतीतून बाहेरची हवा आत शिरते, पुढचा ऑक्सिजन सेन्सर समजतो मिश्रण पातळ आहे, म्हणजे पेट्रोल कमी पडतंय, आणि ईसीयू, म्हणजे इंजिनाचा कॉम्प्युटर, पेट्रोल वाढवतो. १३ चं अ‍ॅव्हरेज ८ वर, प्लग काजळीने काळेकुट्ट. या इंजिनाचा एक्झॉस्ट पुढे रेडिएटरकडे असतो. पंख्याची वायर नळीला टेकून वितळली ती अकराव्या दिवशी, पलासियाच्या सिग्नलला. दुरुस्ती १,८५०.

खरा घाव तेव्हा कळला. सिग्नलवर उभं राहिलं की डोळे चुरचुरायचे, म्हणून पीयूसीला गेलो. सीओ, म्हणजे कार्बन मोनॉक्साइड, ३.८ टक्के! मशीनवाल्या पोराने खाली वाकून कॅटच्या, म्हणजे धूर साफ करणाऱ्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरच्या, डब्यावर पान्याने टकटक केली. पोकळ. ‘अंकल, इसमें तो कुछ है ही नहीं.’ डबा ग्राइंडरने कापून, आतलं काढून परत वेल्ड केलेला. त्या मधाच्या पोळ्यासारख्या आतल्या भागावर प्लॅटिनम, पॅलेडियम, रोडियमचा थर असतो, आणि भंगारवाले तो मॉडेल विचारून विकत घेतात. मी जुना मॅनिफोल्ड मागितला होता तेव्हा ‘गेला भंगारात, किलोच्या भावात’ म्हणाला होता. मी चकचकीत नळी बघत बसलो आणि त्याने खालून माल काढला. जुना सुटा भाग, कितीही गंजका असो, डिकीत टाकून घरी आणा. कापलेला असला तरी आणा.

लोहामंडीत एका स्टीलच्या व्यापाऱ्याकडे टेप सोडून नळी दाखवली. त्यांनी स्टील तपासायच्या बाटलीतला थेंब टाकला, लालसर झाला. ‘२०२ है भाईसाहब.’ पाच मिनिटं, शून्य रुपये. हे आधी करता आलं असतं.

आणि मग ठाणं. पहिल्या दिवशी ‘साहेब राउंडवर’. दुसऱ्या दिवशी मुन्शीने अर्ज वाचला आणि मलाच विचारलं, ‘साइलेंसर आपने ही बदलवाया ना? फिर आपका भी चालान बनेगा.’ मोटार वाहन कायद्याचं कलम ५२, परवानगीशिवाय गाडीत बदल, मालकाला ५,००० दंड. कायदा त्यांना एवढाच पाठ होता. फसवणुकीचं कलम आता ४२० नसून भारतीय न्याय संहितेचं, बीएनएसचं, ३१८ आहे हे मी सांगितलं तर ‘आप वकील हो क्या?’ चौदा दिवसांत चौकशी म्हणाले, एक्केचाळीस दिवस झाले. मधे त्याला बोलावलं, त्याने चहा पाजला, मला फोन आला, ‘आपस में देख लो, सिविल मैटर है.’ बॅंकेत गेलो तर पैसे तुम्हीच पाठवले. हेल्पलाइनला लावला तर ओळखीच्या माणसाला दिलेत म्हणून हा सायबर गुन्हा नाही. परिवहन कार्यालयात खिडकी क्रमांक चारने सहाला पाठवलं, सहाने चारला. माझ्या गाडीचा भाग चोरून विकला, आणि पूर्ण शहरात एकाच गुन्हेगाराची नोंद व्हायची वेळ आली, ती माझी. अर्जाच्या प्रतीवर शिक्का घेतल्याशिवाय ठाण्यातून हलू नका. मी तिसऱ्या खेपेला घेतला. ग्राहक आयोगात मात्र पाच लाखांपर्यंत फी नाही, ऑनलाइन अर्ज होतो, दोन वर्षांची मुदत असते. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करून मी तिथून सुरुवात केली.

सेकंडहँड मॅनिफोल्ड ७,०००, नवा कॅट १८,५००. गाडी आता आधीसारखी, शांत चालते.

हेडर गच्चीवर पडलाय. पहिल्याच पावसात वेल्डिंगच्या कडेने तांबूस ओघळ आले, आईने त्यावर पायपुसणं वाळत घातलंय. आयोगात तारीख १७ ला आहे. शीट, मीटरचे दोन्ही फोटो आणि टेपचा हातभर तुकडा पिशवीत भरून ठेवलाय.